बाबांची फी ३७२ रुपये, लेकीची १ लाख ४२ हजार. हे मोजायचं कसं?

दुपारची_झोप:

गणपतीच्या आधी माळा साफ करायला काढला तर बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत मार्कलिस्टा, एनसीसीचा एक बिल्ला आणि टाचणीला गंज चढलेल्या दोन फी पावत्या, जून १९७६ आणि नोव्हेंबर १९७६. जांभळ्या कार्बनची अक्षरं, टर्म फी, जिमखाना, लायब्ररी, लॅबोरेटरी डिपॉझिट, मॅगझिनचे दोन रुपये असं सगळं धरून प्रत्येकी १८६. म्हणजे बी.एस्सी.चं अख्खं वर्ष ३७२ रुपयांत. कॉलेज साताऱ्याचं, छत्रपती शिवाजी कॉलेज, कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये होते बाबा, सकाळी शेतावर काम आणि मग लेक्चर.

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात मी लेकीची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली, १ लाख ४२ हजार. यूपीआयची लिमिट आडवी आली म्हणून नेट बँकिंगने.

झालं, चहाला विषय तोच. बाबा म्हणाले आम्ही पावणेचारशेत वर्ष काढलं, तुमचं काय हे. लेक म्हणाली आजोबा महागाई धरा की, आणि मोबाइलवर बसून तिनेच हिशोब केला. तेव्हापासून आत्तापर्यंत महागाई निर्देशांक साधारण तीस पट झालाय, म्हणजे ३७२ चे आजचे साडेअकरा हजारच्या आसपास होतात. फी मात्र ३८० पट. ती गप्प झाली, बाबा खूश. वाद त्यांनी जिंकला, पैसे माझे गेले.

मी स्वतः मधला. १९९८ चं ॲडमिशन, फ्री सीट, वर्षाला चारेक हजार. माझ्या शेजारच्या बाकावरचा मित्र पेमेंट सीटवाला, त्याची तिसेक हजार, सर तेच, प्रॅक्टिकलचा ग्रुप तोच. तुझी अर्धी फी माझ्या बापाने भरली असं तो अजून गटगला (सगळे भेटलो की) ऐकवतो आणि त्यात तथ्य आहेच, कारण पेमेंट सीटच्या पैशावर फ्री सीट चालवायची अशीच ती पद्धत होती.

तर प्रश्न असा, की नुसती फीला फी लावून काही अर्थ नाही हे मला कळतंय, पण मग लावायचं कशाला? तुमच्या घरात आजोबा, आई-बाबा, तुम्ही, मुलं यांना कॉलेज किती रुपयांत पडलं आणि ते पैसे आले कुठून? फी सोडून बाकीचं पण लिहा, मेस, खोली, पुस्तकं, सगळं.

निवांत_नाना:

चांगला धागा काढलात. मी बँकेतून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे वेळच वेळ आहे, थोडं लांबेल.

माझे वडील १९३७-३८ ला रत्नागिरीजवळच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आले ते वार लावून. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी, असे सात वार सात घरी. एक वार सुटला की त्या दिवशी चणे-कुरमुरे. त्यांचा शुक्रवार बरेच महिने मोकळा होता, त्यामुळे म्हातारपणीही शुक्रवारी ते ताटावर जरा लवकरच येऊन बसायचे, आई हसायची. म्हणजे बघा, त्यांच्या शिक्षणाचा मोठा खर्च अन्नाचा होता आणि तो पुण्यातल्या सात घरांनी उचलला. हे वार मिळायचे मात्र ठरावीक जातीच्या पोरांना, हे पण सांगून टाकतो, नाहीतर उगाच 'काय ते दिवस' होतं. बाकीच्यांसाठी कर्मवीरांना वसतिगृहं काढावी लागली ती काय उगाच नाही.

मी स्वतः १९७० ला बी.कॉम.ला. मला ईबीसी होती, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची फी-सवलत. ही सवलत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असतानाची, सुरुवातीला वर्षाला १२०० च्या आत उत्पन्न असेल तर फी माफ. माझ्या वेळेपर्यंत मर्यादा वर गेली होती, तहसीलदाराचा दाखला आणला की झालं. सबंध महाराष्ट्रात शेतकऱ्यांची, मास्तरांची पोरं त्या एका कागदावर शिकली. म्हणजे मला फी शून्य. पण खाणावळ महिना ५५ रुपये आणि वडिलांचा प्राथमिक शिक्षकाचा पगार दोनशेच्या थोडा वर. आता सांगा, महाग काय होतं?

आता तुमच्या प्रश्नाचं. मी मोजतो पगारात. १९७५ ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो, पहिला पगार हातात ४६० रुपये. तुमच्या वडिलांची वर्षाची फी म्हणजे माझा एक महिन्याचा पगारही नाही. आता नवीन क्लार्कला हातात तीस-पस्तीस हजार येत असतील, म्हणजे तुमच्या लेकीची फी चार महिन्यांच्या वर गेली. शिवाय तेव्हा नुसत्या बी.कॉम.वर ती नोकरी लागायची, आता त्याच खुर्चीसाठी इंजिनिअर परीक्षेला बसतात. माझ्या शेवटच्या ब्रांचमध्ये पासबुक भरायला दोन बी.ई. होते.

काउंटर_नंबर_तीन:

नाना, मोजमाप बरोबर पण तुलना चुकतेय. बी.एस्सी./बी.कॉम.ची फी इंजिनिअरिंगला कशी लावता? बी.कॉम.ला बी.कॉम. लावा.

मी एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात आहे, नाव नको. आमच्याकडे आजही बी.कॉम.च्या अनुदानित तुकडीची फी काही हजारांतच आहे, महागाई धरली तर काकांच्या १९७६ च्या फीपेक्षा कमीच भरेल. आणि त्याच मजल्यावर, त्याच पोर्चमधून आत येऊन डावीकडे वळलं की बीबीए, तिथे तीस हजारांच्या पुढे. फरक काय, तर अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकाचा पगार सरकार देतं आणि डावीकडच्या वर्गातल्या मॅडमचा पगार त्या साठ मुलांच्या फीमधून निघतो. कॉलेज महाग झालं म्हणजे मुळात एवढंच झालं, पगार कोण देणार ते बदललं.

इंजिनिअरिंगचं तर सरळ आहे. १९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजं काढायला परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रात सीट मूठभर, पैसेवाले पोरं कर्नाटकात पाठवायचे डोनेशन भरून. मग आपल्याकडेच डोनेशन सुरू झालं, १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. १९९३ ला सुप्रीम कोर्टाने फ्री सीट-पेमेंट सीट आणली (धागाकर्त्याचा मित्र तिथला), २००२ च्या निकालाने ती भानगड काढून टाकली, की एकाच्या खिशातून दुसऱ्याची फी काढू नका. तेव्हापासून सगळ्यांना एकच फी आणि ती समिती ठरवणार, आता तिला शुल्क नियामक प्राधिकरण म्हणतात. कॉलेज आपला ऑडिट केलेला खर्च दाखवतं, पगार, वीज, लॅब, घसारा, त्याला विद्यार्थी संख्येने भागायचं की आली फी. म्हणजे जो खर्च पूर्वी राज्याच्या बजेटमध्ये लपलेला होता तो आता पावतीवर छापून येतो. काकांच्या १८६ रुपयांच्या पावतीवर त्यांच्या सरांचा पगार नव्हताच.

बरं, सीट वाढल्या म्हणूनच तर तालुक्यातली पोरं इंजिनिअर झाली, हेही खरं. दादांना नुसत्या शिव्या घालू नका.

ते असू दे. लेक म्हणालात ना? मग फी कशाला भरली? जुलै २०२४ च्या जीआरने, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

दुपारची_झोप:

कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) आहे ॲडमिशन, पण ओपनमधून. ईडब्ल्यूएसची (आर्थिक दुर्बल घटक) ८ लाखांची मर्यादा मी सव्वा लाखाने ओलांडतो. म्हणजे गरिबीत बसत नाही आणि श्रीमंतीत बसतो असंही कुठे दिसत नाही.

काउंटर_नंबर_तीन:

मग भरा. एक मात्र बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, कारण काउंटरवर रोज हेच भांडण असतं. माफी आहे म्हणजे शून्य नाही, डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, बाकीचे किरकोळ भरावेच लागतात. आणि मॅनेजमेंट कोटा, खाजगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ यांना ती लागूच नाही. ॲडमिशन घेऊन झाल्यावर विचारायला येतात लोक, तेव्हा आम्ही तरी काय करणार.

रोखठोक_७७:

दीड लाखाचा फोन हप्त्यावर घेतात, लग्नात पंधरा लाख उडवतात, फी भरायची वेळ आली की सगळ्यांना सरकार आठवतं. जरा स्पष्ट बोललो, राग मानू नये.

ओवा_जिरं:

रोखठोक, राग नाही. पण लग्नाचं बोललात म्हणून सांगते, आमच्याकडे कॉलेजचे पैसे लग्नाच्याच डब्यातून निघाले होते.

१९९४. दादाला पेमेंट सीट मिळाली. बाबा साखर कारखान्यात टाइमकीपर, आणि पहिल्याच वर्षी एकदम तीस हजारांच्या वर भरायचे. सोसायटीचं कर्ज, पीएफमधून काढलेले, तरी आठ-नऊ हजार कमी पडत होते. मग आईच्या पाटल्या. मी आईबरोबर गेले होते सराफाकडे, त्या हातातून निघेनात तर त्याने साबणाचं पाणी मागवलं. पितळी वाटीत आलेलं ते पाणी आणि आई नुसती वाटीकडे बघत होती. पाटल्या तराजूत गेल्यावर सराफ म्हणाला, वहिनी, पोरगं इंजिनिअर झालं की नव्या करून देईल. दादाने केल्या हो, खोटं कशाला बोलू, २००३ ला केल्या, पहिल्यापेक्षा जाड.

पण त्या पाटल्यांतली एक माझी होती. आईने मला तसं लहानपणापासून सांगितलं होतं, एक सुनेला, एक तुला.

दोन वर्षांनी माझी बारावी झाली, मार्क दादापेक्षा सहा टक्क्यांनी जास्त. इंजिनिअरिंगचा फॉर्म आणलाच नाही कोणी. भांडण नाही, चर्चा नाही, काही नाही. कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर होतं, अनुदानित, बी.एस्सी.ला वर्षाला हजार-अकराशे, ईबीसी लावून त्याहूनही कमी. तीन वर्षांत माझ्यावर पुस्तकं-बसपास धरून पाच हजार खर्च झाला असेल. बाबा अजून कौतुकाने सांगतात, पोरीने एक पैसा लागू दिला नाही.

तर तुम्ही पिढ्यांचा हिशोब लावताय तो लावा, पण आमच्यासारख्यांची स्वस्त डिग्री त्यात 'तेव्हा शिक्षण परवडायचं' या कॉलममध्ये टाकू नका.

दुपारची_झोप:

ताई, वाचून लेकीला दाखवलं. ती म्हणतेय दादाला पाटली परत मागा.

ओवा_जिरं:

हा हा. दादा हा धागा वाचतो, सांगून ठेवते.

पऱ्हाटीवाला:

राम राम मंडळी. नाना पगारात मोजतात, पोरगी इंडेक्समध्ये, आमच्या यवतमाळकडे मोजायचं तर कापसातच मोजावं लागते.

माझा आजा सांगे, त्याच्या वेळी एक क्विंटल कापूस इकला की एक तोळा सोनं. सरकारची कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली त्याच्या आसपासचा काळ. विदर्भात कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, हेच सांगंन. काकांच्या पावतीच्या वर्षी तोळा सव्वाचारशे-साडेचारशेच्या घरात होता, म्हणजे ३७२ रुपये फी, तोळाभरही नाही, क्विंटलभरही नाही.

आता हल्लीचं घ्या. २०२५ च्या पावसाळ्यात तोळा लाखाच्या घरात होता, म्हणजे १ लाख ४२ हजार म्हणजे दीड तोळाही नाही. सोन्यात मोजलं तर शिक्षण दुपटीनंबी महागलं नाही! ज्यानं सोनं धरून ठेवलं त्याला काहीच झालं नाही. पण कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११०. करा भागाकार. साडेसतरा क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच-सहा झाला तर लय झाला, म्हणजे तीन एकराचा सगळा कापूस, आणि त्यात बियाणं, फवारणी, वेचाई काहीच वजा केलं नाही राजेहो. वेचाईच किलोला दहाच्या वर गेली आहे आमच्याकडे.

म्हणून म्हणतो, महाग झालं का हा प्रश्न नाही, तुमच्याजवळ इकायला काय आहे हा प्रश्न आहे.

माझं स्वतःचं, २०१९ ते २३, पुण्यात इंजिनिअरिंग. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, अर्धी ट्यूशन फी सरकारची. कागदावर. कॉलेजनं सांगितलं आधी पूर्ण भरा, महाडीबीटीचे (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) आले की परत देऊ. आले. पहिला हप्ता दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत, तोही आधार दुसऱ्याच खात्याला लिंक निघालं म्हणून दोनदा अडकला. मधल्या काळात बाबानं सावकाराचे आणले शेकडा तीननं. फी अर्धी माफ आणि त्या अर्ध्यावर वर्षभर व्याज, लावा आता याची टक्केवारी. तुमच्या कोणत्याच इंडेक्समध्ये हे येत नाही. सरकार पैसे देत नाही असं नाही हो, देते, पण फी जूनमध्ये लागते आणि पैसे येतात थंडीत. नानांच्या वेळी ईबीसी होती तर फी भरावीच लागत नव्हती ना? हाच फरक आहे.

बाकी कॉट बेसिसवर रूम, तिघात एक, महिना साडेचार हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं (परत भेटलं नाही, भिंतीला खिळा ठोकला म्हणून). मेस २,८०० दोन वेळ, रविवारी संध्याकाळी बंद. लॅपटॉप ४२ हजारांचा. घरी जायचं तर ट्रॅव्हल्सवाले दिवाळीत विमानाचं तिकीट बरं असा रेट लावत.

निवांत_नाना:

पऱ्हाटीवाले, बरोबर पकडलंत. आम्हाला तहसीलदाराचा दाखला लावला की कारकून पावतीवरच शिक्का मारायचा. पैसे सरकार आणि कॉलेज आपसात बघून घ्यायचे, आमच्या हातातून जायचेच नाहीत. सोन्याचा तुमचा हिशोब मी दोनदा करून बघितला, बरोबर आहे. मला वाटलं होतं चुकला असाल.

लातूरची_गल्ली:

सगळे डिग्रीच्या फीवर आहात. अहो डिग्री स्वस्त पडली असं वाटायला लागतं अकरावी-बारावीनंतर. आमच्याकडे दोन वर्षांचे क्लासचे २ लाख ६०, होस्टेल-मेस वेगळं, आणि ज्युनिअर कॉलेज कुठलं तर तिथं पोरगं फक्त प्रॅक्टिकलला आणि बोर्डाच्या परीक्षेला गेलं. तिथली फी किती होती मला आठवतही नाही. नानांच्या काळात हा खर्च होता का?

निवांत_नाना:

शिकवणीला जाणारा मुलगा ढ समजला जायचा. लपून जायचे.

हिवाळा_जास्त:

मी सध्या जर्मनीत मास्टर्सला. इथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, फक्त सेमिस्टर कॉन्ट्रिब्यूशन, माझे सहा महिन्यांचे २८० युरो, त्यात लोकल ट्रेनचा पास येतो. (बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० घेतात, तिकडे बघून अर्ज करा.) घरी फोनवर सांगितलं तर आजीला वाटलं मला स्कॉलरशिप मिळालीय.

पण व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवायचे, महिन्याला त्यातले ९९२ सुटतात. ते दहा-बारा लाख कुठून आणणार, म्हणून बँकेचं एज्युकेशन लोन, आणि साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, म्हणून आई-बाबांचा डोंबिवलीचा वन बीएचके बँकेकडे. फी शून्य, घर गहाण. पऱ्हाटीवाल्या भाऊंचं पटलं एकदम.

रोखठोक_७७:

माझं वरचं वाक्य जरा घाईत झालं. व्याजाचं माहीत नव्हतं.

पऱ्हाटीवाला:

चालते भाऊ.

दुपारची_झोप:

सगळ्यांचे आभार, मी विचारलं काय आणि मिळालं काय. काल रात्री परत पावत्या काढल्या, स्कॅन करून ठेवू म्हटलं, तर नोव्हेंबरच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने हिशोब निघाला, बाबांचंच अक्षर. जसाच्या तसा लिहितो:

खाणावळ ४५. धुणे ३. वही ४ नग २.४०. एसटी ६.२०. घरी १०.

मी आधी वाचलं की घरून १० आले. लेकीने नीट बघितलं, म्हणाली अहो बाबा, ही सगळी खर्चाची बाजू आहे, घरून नाही, घरी. म्हणजे कमवा-शिकामधून आणि सुट्टीत रोजगार हमीवर जे काही मिळत होतं त्यातून कॉलेजात शिकणारा मुलगा घरी पाठवत होता. आजोबा तेव्हा वारले होते आणि दोन आत्या शाळेत होत्या, एवढं मला माहीत होतं, हे नव्हतं.

बाबांना विचारलं तर म्हणाले, मागचं कशाला वाचलंस, पुढची पावती बघायची. आणि मग पेपर घेऊन गॅलरीत.

निवांत_नाना:

एसटी ६.२० म्हणजे कुठून कुठे?

दुपारची_झोप:

सातारा-दहिवडी, जाऊन येऊन, असं म्हणतायत. वीस पैसे मात्र कशाचे ते आठवत नाही, चहा प्यायलो असेन म्हणतात.